छोट्या पॉकेट रिव्हॉल्व्हरमध्ये थोडीशी स्मोकलेस पावडर चालेल का?

धूळपाटी:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे .३१ ची टोपीवर (घोड्याच्या ठोक्याने ठिणगी देणारी छोटी कॅप) चालणारी पॉकेट रिव्हॉल्व्हर आहे. १८४९ च्या कोल्टची नवी प्रतिकृती, पाच चेंबरची, म्हणजे फिरत्या सिलिंडरमध्ये पाच बारांचे खण. आजवर तिच्यात काळी पावडरच भरत आलो. हातात सुरेख बसते. पण दुसरा सिलिंडर संपेपर्यंत ती जड फिरायला लागते, काजळी पार आतल्या यंत्रापर्यंत जाते आणि परत आल्यावर दीड-दोन तास साफसफाईत जातात. एखाद्या रात्री कंटाळा केला की सकाळी नळीत तांबूस गंज हजर.

एका ओळखीच्या गृहस्थांनी पिस्तुलाची स्मोकलेस पावडर, म्हणजे आजच्या काडतुसांतली बिनधुराची, दिली आहे, अर्धा डबा. त्यांचं म्हणणं, एवढीशी तर बंदूक, चिमूटभर टाकली तर काय बिघडतं? माझाही हिशोब तसाच होता. काळ्या पावडरचं जे माप आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच भरायची, म्हणजे जोर साधारण तेवढाच. शिवाय पोलाद आजचं आहे, १८४९ चं नाही. आणि याहून लहान .२२ च्या रिव्हॉल्व्हर स्मोकलेस काडतुसं आयुष्यभर उडवतात, त्यांना काही होत नाही.

खरं सांगतो, काल रात्री दोन चेंबर भरूनही ठेवलेत. टोप्या लावलेल्या नाहीत. रविवारी रेंजवर जायचं ठरलंय. त्याआधी जाणकारांना विचारावं असं वाटलं.


जुनाबार:

नाही. तिसरा हिस्सा नाही, दहावा हिस्साही नाही.

नळीवर काय कोरलंय ते भिंग घेऊन बघा. बहुतेक प्रतिकृतींवर 'फक्त काळी पावडर' असं इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असतं. इटलीत बनलेली असेल तर एक तारा आणि त्याखाली पी.एन. ही अक्षरं दिसतील. पी.एन. म्हणजे पोल्वेरे नेरा, काळी पावडर. तिची चाचणी काळ्या पावडरवर झाली आहे, दुसऱ्या कशावर झालेली नाही. ते दोन चेंबर आधी रिकामे करा. कसे करायचे ते लेथवाला काका जास्त नीट सांगतील.


लेथवाला:

धूळपाटी, आधी ते दोन चेंबर. बाकीचं नंतर वाचा.

टोप्या लावू नका. टोप्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवून या. पाचर ठोकून काढा, नळी उतरवा, सिलिंडर हातात घ्या. चेंबरची तोंडं कुणाच्याच दिशेने नकोत, तुमच्याही नकोत. निपलच्या किल्लीने त्या दोन चेंबरची निपलं (मागच्या बाजूची, टोपी बसते ती भोकाची बोंडं) सोडवा. पावडर मागच्या भोकातून कागदावर झटका, चिकटून राहिलेली लाकडाच्या बारीक काडीने सैल करा. लोखंडी सळई नको, ड्रिल तर अजिबात नको. सगळी पावडर बाहेर आली की त्याच भोकातून लाकडी दांडी घालून गोळी पुढच्या बाजूने ढकलून काढा. निपल हलत नसेल तर जोर करू नका. सिलिंडर तसाच बंदुकीच्या कारागिराकडे न्या आणि आत काय भरलंय ते पहिल्या वाक्यात सांगा.

पाणी ओतून निश्चिंत होऊ नका, हे मुद्दाम लिहितोय. काळी पावडर भिजली की तिच्यातला शोरा विरघळून जातो आणि ती मरते, त्यामुळे जुन्या लोकांना पाण्याची सवय असते. स्मोकलेस म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती ओली होते. वाळली की पुन्हा जिवंत.

आता तुमच्या हिशोबाकडे येतो. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये लेथवर काढली, त्यामुळे मला यातलं धातूचं अंग जास्त कळतं. पण चूक पावडरपासूनच सुरू होते, म्हणून तिथून सांगतो.

काळी पावडर जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो. तोच पांढरा धूर आणि तीच तुम्हाला छळणारी काजळी. गॅस होतो तो निम्म्याहून कमी. स्मोकलेस जवळजवळ सगळीच्या सगळी गॅस होते. म्हणून १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती लष्करी वापराची केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यासाठी अख्खी नवी रायफल, लेबेल, बनवून घेतली. जुन्या बंदुकांत नवी पावडर भरून त्यांनी काम भागवलं नाही.

याच व्हिएयने जळण्याचा वेग आणि दाब यांचं नातं मांडलं. दाब वाढला की पावडर जास्त वेगाने जळते, वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. काळ्या पावडरमध्ये हे चक्र मवाळ असतं. स्मोकलेसमध्ये, त्यातून पिस्तुलाच्या झटपट जळणाऱ्या पावडरमध्ये, ते फार तीव्र असतं. म्हणून 'तिसरा हिस्सा भरला तर जोर तेवढाच' असं सरळ त्रैराशिक इथे मांडताच येत नाही.

तुमचं मापही आकारमानाचं आहे. काळ्या पावडरला ते चालतं, ती वापरायची पद्धतच तशी आहे. स्मोकलेस जातीजातीप्रमाणे एका घनसेंटिमीटरमध्ये अर्धा ग्रॅमही बसते आणि जवळजवळ एक ग्रॅमही बसते. तोच डोळा, तेच माप, आणि आत दुप्पट माल. तुमच्या त्या अर्ध्या डब्यात नेमकी कोणती जात आहे? डबा मूळचा आहे की कुणी दुसऱ्यात ओतून ठेवलेली आहे?

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे चिमूटभरवाले कधीच बोलत नाहीत. काडतुसात गोळी किती खोल बसणार हे कारखान्यात ठरतं. तिच्यामागे किती जागा उरली हे ठाऊक असतं आणि त्याच जागेवर दाब मोजलेला असतो. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी तुम्ही दांड्याने ठासता. काळी पावडर चेंबर भरून असते, गोळी तिच्यावर घट्ट टेकते, थांबायची जागा पावडरच सांगते. तळाशी थोडीशी स्मोकलेस असेल तर गोळी कुठे थांबणार? एकतर वर पोकळी राहील, नाहीतर तुम्ही दाबत जाल आणि पावडरचे पापुद्रे चुरडाल. चुरडलेला पापुद्रा जास्त वेगाने जळतो.

लहान बंदूक म्हणून धोका लहान, हा समज इथेच पडतो. .३१ चा चेंबर म्हणजे साधारण ८ मिलिमीटर व्यास. गोळी १ मिलिमीटर जास्त खोल गेली की ०.०५ घनसेंटिमीटर जागा गेली. तुमचा तिसरा हिस्सा सगळा मिळून होतो ०.३३ घनसेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दांड्यावर हात किंचित जड पडला की जवळपास सातवा हिस्सा जागा गायब. मोठ्या .४४ मध्ये हीच एक मिलिमीटरची चूक थोडीफार पचते. चेंबर जितका लहान तितकी प्रत्येक चूक मोठी.

.२२ शी तुलना करू नका, मी हात जोडून सांगतो. अमेरिकी प्रमाणाप्रमाणे .२२ लाँग रायफलची दाबाची कमाल मर्यादा २४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. तो सिलिंडर त्या दाबासाठी घडवून, तपासून दिलेला असतो. शिवाय पितळी काडतूस फुगून चेंबरला चिकटतं आणि मागची वाट बंद करतं. तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मागची वाट उघडी आहे. निपलचं भोक, त्यावर कागदासारखी पातळ टोपी आणि टोपीवर घोडा. घोड्याला धरून काय आहे? एक कमान. दाब जास्त झाला की गॅस निपलमधून मागे येतो, टोपीच्या चिंध्या करतो आणि घोडा उलटा उचलतो. चिंध्या कुठे उडतील? तुम्ही नेम धरून बसलेले असता, डोळा त्याच रेषेत असतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ तुमच्यासारखीच पाच चेंबरची पॉकेट घेऊन बसले होते. पहिला बार निघाला तो फुस्स असा, दमट फटाक्यासारखा. टोपीची ठिणगी काळ्या पावडरला पुरते, स्मोकलेसला पुरेलच असं नसतं. त्यांना वाटलं नेम हुकला. गोळी नळीतच अडकली होती. त्यांनी घोडा ओढला आणि पुन्हा चाप दाबला. तो आवाज बाराचा नव्हता. घणाने ऐरण फुटावी तसा होता. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा नखापासून उकलला होता. मी माझा पंचा बांधला. त्या क्षणी ते मला सारखं एकच विचारत होते, घोडा कुठे गेला, घोडा कुठे गेला.

पुढे त्यांनी तो सिलिंडर माझ्याकडे दिला, बघून सांगा म्हणून. दोन चेंबरमधली भिंत व्हर्नियरने मोजली, दोन मिलिमीटरच्या आत. ती तळाशी फाटून शेजारच्या चेंबरमध्ये घुसली होती आणि बाहेरची कड केळीच्या सालीसारखी वळली होती. तुटलेल्या जागी पोलाद राखाडी, कणीदार, साखरेच्या खड्यासारखं चमकत होतं. धातू ताणला जाऊन तुटला तर कड ओढलेली, मळकट दिसते. इथे ताणायला वेळच मिळाला नव्हता. नळी पुढे एका जागी अंगठीसारखी फुगली होती, जिथे पहिली गोळी बसली होती तिथे. पोलादात खोट नव्हती. ते ज्या कामासाठी दिलं होतं त्या कामाला पुरेसं होतं.


उंचमाळ:

काकांचा अनुभव मान्य, पण चित्र जरा जास्तच काळं रंगवलंय. मी स्वतः .३६ मध्ये दोन वर्षं स्मोकलेस वापरतोय, डिजिटल काट्यावर मोजून. एकदाही गडबड नाही. डोळ्याने माप घेणं ही चूक, काटा वापरला तर प्रश्न मिटतो. शिवाय स्मोकलेससाठी बनवलेल्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून भरायच्या) रायफलीही बाजारात आल्या होत्या, सॅव्हेज कंपनीची १० एमएल. म्हणजे ठासणी आणि स्मोकलेस यांचं वैर आहे असं नाही. चेंबर भरणारी फुगीर पावडर, उदाहरणार्थ ट्रेल बॉस, घेतली तर पोकळीचाही प्रश्न येत नाही.


लेथवाला:

उंचमाळ, तुमच्यावर राग नाही, पण तुमचं वाचून कुणी रविवारी हेच करून बघेल म्हणून सविस्तर लिहितो.

दोन वर्षं काही झालं नाही, यातून तुमचा दाब किती होता हे कळतं का? तुम्ही तो मोजलेला नाही. मीही मोजू शकत नाही, त्याला चाचणीची नळी आणि यंत्रं लागतात. ज्यांच्याकडे ती आहेत ते पावडरवाले काडतुसांचे तक्ते छापतात. टोपीच्या रिव्हॉल्व्हरसाठी स्मोकलेसचा तक्ता छापत नाहीत. मग तुमचा आकडा आला कुठून? काट्याने अंदाज अचूक मोजला तरी तो अंदाजच. विषाची परीक्षा पचेपर्यंतच बरी वाटते.

सॅव्हेजची ती रायफल बोल्टची, म्हणजे मागून सरकत्या खिटीने बंद होणारी, होती. मागे आधुनिक बोल्ट, नळीचं मागचं तोंड पूर्ण बंद, जाड नळी, आणि ती पहिल्यापासून स्मोकलेस गृहीत धरून आखलेली. तिच्यात निपल-टोपी नव्हती, सिलिंडर नव्हता, सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट नव्हती. नावात ठासणी आहे एवढंच साम्य.

ट्रेल बॉस फुगीर आहे खरी, दाणे मधे भोक असलेले. ती मोठ्या काडतुसांतल्या हलक्या बारांसाठी काढली. पण ती बनवणारेच सांगत आले की दाबून भरू नका. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ठासल्याशिवाय गोळी बसतच नाही.

एक विनंती. तुमच्या सिलिंडरचा बाहेरचा व्यास प्रत्येक चेंबरपाशी मायक्रोमीटरने मोजा, पुढे आणि मागे. चेंबरची तोंडंही मोजा. सहा चेंबरचा असेल तर खाचा बघा. सहाच्या सिलिंडरमध्ये थांबवायची खाच बहुधा बरोबर चेंबरच्या पाठीवर येते, म्हणजे जिथे दाब सर्वाधिक तिथेच भिंत खरवडलेली. पाचच्या सिलिंडरमध्ये खाच दोन चेंबरच्या मधे पडते, तेवढाच काय तो दिलासा. आतून बाहेर आलेला बारीकसा फुगवटा दिसला तर तो सिलिंडर पुन्हा काळ्या पावडरलाही वापरू नका. आणि काळी पावडर गरीब गाय आहे असंही मी म्हणत नाही. १८४७ च्या वॉकर कोल्टचे कित्येक सिलिंडर काळ्या पावडरनेच फुटले होते.


चांदणवेल:

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. आजोबांच्या सामानात एक टॉप-ब्रेक (वरून मोडून उघडणारी) पॉकेट रिव्हॉल्व्हर निघाली, .३२ स्मिथ अँड वेसन काडतुसाची, आयव्हर जॉन्सन कंपनीची. आजचं काडतूस तिच्यात अलगद बसतं. बसतं म्हणजे चालेल ना? आणि एका जुन्या पुस्तिकेत मी स्वतः वाचलंय की स्मोकलेस काळ्या पावडरच्या मापानेच, मापास माप भरावी. मग ते खोटं का?


लेथवाला:

चांदणवेल ताई, पुस्तिका खोटी नाही. तिची पावडर आता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'बल्क' स्मोकलेस नावाचा प्रकार होता. लोकांच्या हातात काळ्या पावडरची मापं होती, म्हणून ती मुद्दाम फुगवून बनवलेली होती, त्याच मापाने भरता यावी अशी. शॉटगनच्या काडतुसांच्या खोक्यावर 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' हा आकडा अजून छापतात, तो त्या काळाचाच अवशेष. पुढे दाट पावडरी आल्या. त्या जर कुणी जुनी पुस्तिका वाचून मापास माप भरल्या तर पहिल्याच बाराला बंदूक हातात राहणार नाही. जुनं छापील वाक्य किती घातक ठरू शकतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या रिव्हॉल्व्हरबद्दल: आयव्हर जॉन्सनच्या टॉप-ब्रेक स्मोकलेससाठी बनू लागल्या त्या १९०९ पासून. त्याआधीच्या काळ्या पावडरच्या. वरून बघून फरक चटकन कळत नाही आणि काडतूस दोन्हींत सारखंच बसतं, म्हणून फसगत होते. खुद्द कोल्टने १८७३ च्या आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला स्मोकलेसची हमी द्यायला १९०० च्या आसपासपर्यंत वेळ घेतला, आणि ती तर केवढी भक्कम बंदूक. तुमचीचा क्रमांक आणि आतल्या कमानी जाणकाराकडून तपासून घ्या. तोवर आजोबांची आठवण म्हणून तेल लावून ठेवा. काडतूस घालून बघणंही बंद करा.


धूळपाटी:

काका, दोन्ही चेंबर रिकामे झाले. एक निपल सहज सुटलं. दुसरं हलेना, तुम्ही लिहिल्याप्रमाणे जोर केला नाही, कारागिराकडे नेलं. त्यांनी काढलं आणि पावडर पांढऱ्या कागदावर पसरून दाखवली. पापुद्रे चपटे झाले होते, काहींचे तुकडे. मी ठासताना 'घट्ट बसली' म्हणून उलट समाधान वाटलं होतं. दोन चेंबरमधली पावडर त्यांनी वजन केली तर एकात दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट. माप एकच, हात एकच, रात्र एकच.

डबा मूळचा नव्हता, तुमचा अंदाज खरा. वरचं नाव एका पावडरचं, आत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नाही. तो कारागिरांकडेच दिला, ते विल्हेवाट लावतील.

आता काजळीचं काय करू, तेवढं सांगा. बंदूक सोडायची नाही मला.


लेथवाला:

हे वाचून छातीवरचं ओझं उतरलं. त्या दीडपटीचा कागद जपून ठेवा.

सोडू नका बंदूक, गोड चीज आहे ती. सिलिंडर जड होतो तो बहुतेक वेळा मधल्या दांड्यावर (ज्याच्यावर सिलिंडर फिरतो तो) आणि सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर साचलेल्या काजळीने. जोडताना मधल्या दांड्याच्या चरांत मेण आणि चरबीचं किंवा मेण आणि खाद्यतेलाचं मलम भरा. खनिज तेल वापरत असाल तर तिथेच घोटाळा आहे, काळ्या पावडरबरोबर त्याचं डांबर होतं. प्रत्येक पाच बारांनंतर सिलिंडरचं तोंड ओलसर फडक्याने पुसा, अर्धं मिनिट लागतं. गोळी आणि पावडर यांच्यामध्ये मलम लावलेली लोकरीची चकती टाका, नळीतली काजळी मऊ राहते.

वेगळी पावडर हवी असेल तर काळ्या पावडरच्या बंदुकांसाठीच बनवलेल्या पर्यायी पावडरी आहेत. पायरोडेक्स पी पिस्तुलांसाठी, आकारमानाच्या मापानेच भरायची. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, काजळी नुसत्या पाण्याने निघते, पण ती जास्त जोरदार. बनवणारे तिचं माप १५ टक्के कमी घ्यायला सांगतात, तेवढं पाळा, आणि तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेने ती चालते असं म्हटलं असेल तरच. दोन्हींनंतर धुणं चुकत नाही.

धुण्याला दीड तास लागतो कारण तुम्ही तेलाने काजळी काढताय. नळी आणि सिलिंडर उतरवा, लाकडी मूठ बाजूला, निपलं सोडवा आणि हाताला सोसवेल त्याहून गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ब्रश फिरवा. काजळीतले क्षार पाण्यात जातात, तेलात नाही. गरम पाण्याने धातू तापतो आणि आपोआप वाळतो. वाळल्यावर आत हलका तेलाचा हात, निपलच्या आट्यांवर थोडं मलम, म्हणजे पुढच्या वेळी किल्ली लावली की सुटतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरं फडकं एकदा नळीतून काढा. तांबूस आलं तर पुन्हा तेल. माझं सगळं मिळून पंचवीस मिनिटांत होतं.

रविवारी पहिला सिलिंडर संपला की कसा फिरतोय ते इथे लिहा.